काचेवर हात ठेवणारा

"काम काय हाय ते आधी सांगा."

गिऱ्हाइकानं काचेखालच्या फोनकडं बोट केलं, की त्याचा पंजा आधी त्या फोनच्या वरच्या काचेवर येऊन बसायचा. पंगतीत वाढपी आला की आपण 'पुरे' म्हणून ताटावर हात धरतो ना, तसा. फरक एवढाच, की इथं हात धरणारा जेवणारा नव्हता, वाढणाराच होता. असला दुकानदार तुम्ही कुठं बघितला असेल तर मला सांगा. मी मानवतच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं मापाडी होतो, काट्यापाशी उभं राहून नाना तऱ्हेचे व्यापारी बघितले. विकायच्या मालावर स्वतःच हात ठेवणारा हा एकच.

त्याचं नाव लिहीत नाही. त्याचं नाव घ्यायचा हक्क मी ठेवलेला नाही.

बसस्टँडकडून बाजारात येताना डाव्या अंगाला त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची खोली, पुढं काचेचं काउंटर, एक स्टूल आणि वर किरकिरणारा पंखा. माणूस चाळिशीच्या पुढचा, किडकिडीत. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी बारीक स्क्रू-ड्रायव्हर. आधी तो रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचा. रेडिओ गेले, घड्याळं गेली, मोबाईल आले, तेव्हा त्यानं त्याच खोलीत मोबाईल मांडले.

फोन घेणाऱ्या माणसांच्या दोन तऱ्हा असतात. एकाला सगळ्यात महागाचा पाहिजे असतो, चार लोकांत टेबलावर ठेवायला. दुसऱ्याला सगळ्यात स्वस्त पाहिजे असतो, आणि वर काहीतरी फुकट. हा दोघांशीही भांडायचा.

एकदा एक नवरदेव आला, चार दिवसांवर हळद आलेली. संगं तीन मित्र. त्यानं सत्तर हजारांच्या फोनवर बोट ठेवलं. काचेवर पंजा आला.

"काम काय हाय?"

"फोटो काढायचेत. रील बनवायचेत."

यानं त्याला समोरच्या लिंबाखाली उभं केलं. एक फोटो सत्तर हजारांच्या फोननं काढला, एक पंधरा हजारांच्या. मग दोन्ही फोन त्याच्यापुढं धरले, नावं झाकून. "वळखा, महागाचा कोणता?"

नवरदेवानं छाती काढून बोट दाखवलं. तो पंधरा हजारांचा निघाला. मित्र असे हसले, की नवरदेवाला हळदीच्या आधीच रंग चढला.

"सांजच्याला अंधारात काढला तर फरक पडतोय," हा म्हणाला. "खोटं बोलणार न्हाई. पण तुमच्या मांडवात लायटी लावणार हायेत ना?"

आणि पालमकडची एक म्हातारी आली होती, पुण्यातला नातू व्हिडिओवर बघायचा म्हणून. तिला सहा हजारांचाच पाहिजे होता. तिच्याही बोटाच्या आड त्याचा पंजा आला. "मावशे, हा घेऊ नका. हा सहा महिन्यांनी अडकायला लागतोय. नातू बोलायला लागंल तवा हा मुका झालेला आसंल." म्हातारी चिडून निघून गेली. आठ दिवसांनी लेकाशी बोलून परत आली आणि मधल्यातला घेऊन गेली.

मधल्यातला हाच त्याचा शब्द. "जेवढी भूक तेवढं ताट," म्हणायचा. पण मधल्यातला म्हणजे कुठलाही नव्हे. नवीन मॉडेल आलं की तो आधी एक स्वतःला घ्यायचा आणि महिनाभर वापरायचा. मे महिन्यात भर दुपारी तो फोन मोटारसायकलच्या सीटवर अर्धा तास उन्हात ठेवायचा, मग उचलून बायकोला फोन लावायचा. शेजारचा किराणावाला विचारायचा, "काय, पापड वाळू घातलेत का?"

"करपतोय का बघायलोय. कंपनीवाले थोडेच आपल्या उन्हात राहायला येतेत?"

गरम होऊन जो फोन बंद पडायचा, तो त्याच्या काचेखाली कधी आला नाही. कंपनी किती वर्षं फोनला नवं सॉफ्टवेअर देत राहते, हेही तो बघायचा. लोकांना समजावं म्हणून म्हणायचा, "पोरगी देताना सासरचे किती दिवस विचारपूस करतील ते बघतो ना आपण? दोन वर्षांनी वळखच देत नसतील तर सोयरीक कशाला?"

आता माझं सांगतो. टाळत होतो, पण त्याच्यासाठीच लिहायला बसलोय.

मी ताठ माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण काट्यावर माझा शब्द शेवटचा होता. शेतकरी आणि अडत्या भांडत आले तरी "मामानं बघितलं का?" एवढं विचारून गप्प व्हायचे. सारा बाजार मला मामा म्हणतो. माणसाला असा मान मिळाला की तो डोक्यात जातो. माझ्या गेला.

मापाडीचं काम सुटल्यावर मी त्याच्याकडं फोन घ्यायला गेलो. आमच्या अडत्याच्या हातात होता, तसल्याच फोनवर बोट ठेवलं. पंजा आला.

"मामा, काम काय हाय?"

"माझ्या खिशावर शंका हाय का तुला?"

"खिशावर न्हाई मामा. पण तुमी कापूस कधी सोनाराच्या काट्यावर तोलला का?"

माझ्याच धंद्यातलं बोलला, मी अडकलो. लेकीशी बोलायचं, फोटो काढायचे, भजनं ऐकायची, एवढं काम मी सांगितलं. त्यानं पंधरा हजारांचा एक काढला, हातावर ठेवला. चांगला होता. अडत्याच्या फोनापेक्षा जड लागला, म्हणून मला आणखी आवडला.

मग तो नखानं त्याच्या पाठीवरचं पारदर्शक प्लास्टिक काढायला गेला. मी त्याचं मनगट धरलं.

"खबरदार. नव्या वस्तूची साल काढायची न्हाई."

"मामा, कॅमेऱ्यावर बी हाय ते. फोटोला..."

"मला शिकवू नको."

त्यानं दोन्ही हात वर केले. "बरं. वाटंल तवा काढा."

तुमच्याही घरी असेल बघा. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकात, स्कूटरच्या सीटवरचं प्लास्टिक फाटेपर्यंत तसंच, कपाटाचं प्लास्टिक फक्त मुठीपुरतं कापलेलं. आमच्या फ्रीजच्या दारावरचं तर नऊ वर्षं निघालं नाही. प्लास्टिक आहे तोवर वस्तू नवी, असा आमचा हिशोब. मी घरी जाऊन त्या फोनवर आणखी एक पॉलिथिनची पिशवी चढवली आणि रबर लावलं. धूळ जाऊ नये म्हणून.

दोन महिन्यांनी पाथरीला नातीचा साखरपुडा झाला. मी हौसेनं चाळीस फोटो काढले. सगळी माणसं धुक्यात उभी. नात कोणती आणि विहीणबाई कोणती, कळेना. लेक तर आधीपासूनच म्हणत होती, "आप्पा, तुमी रांजणात तोंड घालून बोलायलात का?" त्या दिवशी व्याह्यांनी माझा फोन चार लोकांत फिरवला. "मामा, बाजारात एवढी वर्षं काढून असला माल आणला?" म्हणाले. हसून म्हणाले, पण मला जेवण गेलं नाही.

बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, मी त्याच्या दुकानासमोर उभा राहिलो. आत जाऊन बोलता आलं असतं. मी बाहेरून बोललो.

"चाळीस वर्षं मी कुणाचं वजन मारलं न्हाई, आन् तू मला जुना माल नवा म्हणून बांधतोस?"

माणसं थांबली. भाजीवाल्या उठून आल्या. आत स्टुलावर आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या अध्यक्षीणबाई बसल्या होत्या. गटातल्या अकरा जणी मिळून शेवया, पापड, चटण्या करायच्या. आता फोनवर फोटो टाकून ऑर्डरी घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि अकराच्या अकरा फोन त्या याच्याकडून घेणार होत्या. तीन दिवस तो त्यांना समजावून सांगत होता. एवढी मोठी विक्री त्या खोलीत कधी झाली नसेल.

त्यानं माझ्या हातातून फोन घेतला. रबर काढलं, पिशवी काढली. फोन पालथा केला. त्याचं नख कॅमेऱ्यावरच्या प्लास्टिकच्या कडेला गेलं. खाली धूळ जमली होती, बुडबुडे आले होते. जोंधळ्याच्या दाण्याएवढी कड त्यानं उचलली.

आणि थांबला.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं जमलेल्या माणसांकडं बघितलं. आणि अंगठ्यानं ते प्लास्टिक हळूच परत दाबून बसवलं.

"मामा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या बघण्यात चूक झाली आसंल. उद्या या. करून देतो."

मी विजयी होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. त्यानं फोन माझ्या हातात दिला. पाठ लख्ख, कॅमेऱ्याची काच विहिरीतल्या पाण्यासारखी चमकणारी. पिशवी नीट घडी करून संगं दिली. "ही बी असू द्या. पावसात कामाला येती."

मी आंधळा नाही. त्या क्षणी मला सगळं कळलं. फोन पहिल्या दिवसापासून चांगला होता. माझ्याच हट्टानं तो आंधळा आणि बहिरा झाला होता. त्यानं भर बाजारात ती एवढीशी कड ओढली असती, तर सारा बाजार मला हसला असता. त्यानं ते हसू स्वतःच्या दुकानावर घेतलं.

"किती झाले?" मी विचारलं.

"कशाचे? माल माझा, दुरुस्ती माझी."

मग त्यानं स्वतःचा फोन काढून मला लावला. दोन हात अंतरावर उभा होता, तरी फोनमधून बोलला, "मामा, ऐकू यायलंय का?"

"यायलंय," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि पायऱ्या उतरलो.

इथं गोष्ट थांबली असती तरी मी बरा माणूस म्हणून मेलो असतो. पण तिसऱ्या दिवशी अध्यक्षीणबाई आमच्या ओट्यावर आल्या. पदर सावरून खाली बसल्या.

"मामा, खरं सांगा. त्यांच्याकडून फोन घ्यावा का? आमच्या बाया भिलेत. म्हणतेत, मामासारख्या माणसाला फसवलं तर आपली काय कथा. तुमी म्हणाल तसं करू."

फोन माझ्या खिशात होता. सकाळीच मी लेकीशी बोललो होतो. "आप्पा, आज लय साफ यायलंय," असं ती म्हणाली होती. मी खिसा नुसता चाचपला असता आणि खरं तेवढं सांगितलं असतं, तर त्या बाई त्याच पावली दुकानात गेल्या असत्या. पण खरं सांगायचं म्हणजे मी प्लास्टिकातून फोटो काढत होतो हे सांगायचं. बाजारात मी गाढवपणा केला हे सांगायचं. एका बाईमाणसापुढं.

मी म्हणालो, "पंधरा हजारांत काय येतंय माय? आपलं आपण बघा."

त्या उठल्या. "समजलं," म्हणाल्या.

चाळीस वर्षांत मी एका शेतकऱ्याचं पावशेर मारलं नव्हतं. त्या दिवशी ओट्यावर बसून मी एका माणसाचं अख्खं वजन मारलं.

अकरा जणी परभणीला गेल्या आणि मोठ्या शोरूममधून फोन घेऊन आल्या. तिथं कोणी काचेवर हात ठेवला नाही. शोरूमवाल्यांनी महागाचे फोन गळ्यात मारले, आणि बायांनी नवऱ्यांची बोलणी खाल्ली. इकडं बाजारात माझी गोष्ट फिरत राहिली. "मामा फसले तिथं" असं लोक मला ऐकू येईल असं बोलायचे, आणि मी चहा पीत राहायचो. ते खोडायला माझा एक शब्द लागला असता.

मी रोज त्या दुकानावरून जायचो. रस्ता बदलला तर लोकांना कळेल, म्हणून बदललाही नाही. तो आतून हात करायचा. "मामा, चालायलाय ना?" मी मान हलवायचो आणि चालता व्हायचो. त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मला बरं झालं असतं. मी कान देऊन शोधायचो. कधी सापडला नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी दुकान बंद झालं. सगळा दोष माझ्या जिभेचा असं म्हणालो, तर तीही माझी फुशारकीच होईल. लोक घरबसल्या ऑनलाइन मागवायला लागले होते, पोरं परभणीला जायला लागली होती. पण पडणाऱ्या भिंतीला टेकू द्यायचा दिवस माझ्या ओट्यावर चालत आला होता, आणि मी त्याला हाकलून दिलं होतं. त्या खोलीत आता चप्पल-बुटाचं दुकान आहे. लिंब आहे तिथंच आहे.

फोन मात्र चालत राहिला. तिसरं वर्ष उलटलं. दोनदा हातातून पडला, एकदा नातीच्या लग्नात ताकाच्या पातेल्यात जाता जाता वाचला. आवाज तसाच, फोटो तसेच. मला आता त्याचा राग यायचा. खराब झाला असता तर मी थोडा तरी खरा ठरलो असतो.

गेल्या संक्रांतीला गल्लीतल्या बायकांचं हळदीकुंकू होतं. सुनेनं माझ्या फोनवर फोटो काढले. अध्यक्षीणबाई बघायला लागल्या. त्यांनी एका फोटोत स्वतःच्या नथीचा एकेक मोती मोजला.

"मामा, हा कोणता फोन?"

"तोच."

"तोच म्हंजी? तो तर खराब निघाला व्हता ना?"

सून तिळगूळ वाटत होती. चार बाया ऐकत होत्या. मी म्हणालो, "फोन खराब नव्हता. मी प्लास्टिक काढू दिलं नव्हतं. त्यानं बाजारात माझी लाज राखली. आन् तुमी विचारायला आलता, तवा मला हे ठावं व्हतं."

कोणी हसलं नाही. मी तीन वर्षं ज्या हसण्याला भीत होतो, ते आलंच नाही. अध्यक्षीणबाईंनी फोन माझ्या गुडघ्याजवळ ठेवला.

"मामा, तुमच्या एका शब्दावर आमी अकरा जणी परभणीला गेलो," त्या म्हणाल्या. "आमचं जाऊ द्या. आता हे आमाला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा. ते तिथंच कामाला हायेत, आमी फोन घेतले त्याच शोरूमला."

दुसऱ्या दिवशी एसटीनं परभणीला गेलो. धुतलेलं धोतर, टोपी. एसटीत बसून काय बोलायचं ते दहा वेळा घोकलं. चौथीत कविता घोकली नव्हती एवढं घोकलं.

शोरूमला सगळी काचच. बाहेरूनच तो दिसला. अंगात लाल टी-शर्ट, गळ्यात पट्टा, छातीवर त्याच्या नावाची पाटी. खिशाला स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. केस बरेच पांढरे झाले होते. मागं एक टाय लावलेला पोरगेला साहेब येरझाऱ्या घालत होता.

काउंटरपुढं एक म्हातारा उभा होता, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच धोतरातला. त्यानं काचेखाली बोट दाखवलं. फोन चमकत होता, म्हणजे महागाचाच असणार.

याचा उजवा हात उठला. पंजा उघडला. काचेवर यायला वीतभर अंतर राहिलं होतं.

साहेब मागून काहीतरी बोलला.

पंजा तसाच हवेत वळला, खाली गेला, आणि त्यानं तो महागाचा फोन काढून म्हाताऱ्याच्या हातात दिला. हसला. ते हसू मी कधी बघितलेलं नव्हतं, ते त्या शोरूमचं होतं.

मी आत गेलो नाही. गर्दी होती, साहेब उभा होता, त्याच्या नोकरीला बाधा आली असती, अशी तीन कारणं मी परत येताना एसटीत तयार केली. तिन्ही खोटी आहेत. दारापर्यंत गेलो, पहारेकऱ्यानं दार उघडून धरलं, "या बाबा" म्हणाला, आणि माझे पाय वळले. भर बाजारात ओरडायला मला दम होता. त्याच्यापुढं "चुकलो" म्हणायला नव्हता.

निघताना मी खिशातून फोन काढला आणि बाहेरून, काचेतून, त्याचा एक फोटो घेतला. का घेतला माहीत नाही.

आता मला कोणी विचारलं, की मामा, पंधरा हजारांचा फोन घ्यावा का, तर मी तो फोटो उघडून दाखवतो. बघा म्हणतो, काचेच्या आडून काढलाय, तरी डोळे दिसतात. घ्या, पैशाचा माल आहे. लोक वाकून बघतात आणि विचारतात, "हा माणूस कोण?"

तेव्हा मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.